मुंबईहून लंडन नक्की किती लांब?

मुंबई ते लंडन अंतर किती, असं शोधलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: सुमारे ७,२०० किलोमीटर. मोठं प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. भागाकार केला की बरोबर आठ तास येतात. मग तिकिटावर जातानाचे साडेनऊ-दहा तास का लिहिलेले असतात? आणि परत येताना तेच विमान नऊ तासांत, कधी त्याच्याही आत कसं पोचतं? घरातलं कुणी तिकडे शिकायला किंवा नोकरीला असेल, तर हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतोच.

भागाकार चुकलेला नाही. फक्त ७,२०० हा आकडा जमिनीचा आहे. विमान हवेतून चालतं, आणि ती हवा स्वतःसुद्धा चालत असते. एवढी एक गोष्ट नीट लक्षात आली की तिकिटावरची बहुतेक कोडी सुटतात.

आधी जमिनीवरचं अंतर

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या आणि एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर धरा आणि दोरा ताणा. तो ज्या वाटेने बसेल ती दोन शहरांमधली सगळ्यात जवळची वाट. भूगोलाच्या पुस्तकात जे बृहद्वृत्त (पृथ्वीचे दोन समान भाग करणारं वर्तुळ) शिकवतात, त्याचाच हा तुकडा.

आता तीच दोन शहरं भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टीने जोडा. पट्टीची रेघ मध्यावर सिरिया-तुर्कस्तानच्या आसपास येते. दोऱ्याचा मध्य मात्र बराच वर, जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या जवळ पडतो. गोल पृथ्वी कागदावर पसरायची तर कुठेतरी ताणावी लागते, आणि नेहमीच्या नकाशात ती उत्तरेकडे जास्त ताणलेली असते, म्हणून हा फरक. पट्टीच्या रेघेने, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं, तर सुमारे २०० किलोमीटर जास्त पडतात. विमानातल्या पडद्यावर आपली वाट धनुष्यासारखी वाकलेली दिसते आणि पायलट वळसा घालतोय असं वाटतं. प्रत्यक्षात वाकडा असतो तो नकाशा.

हा ७,२०० चा आकडा येतो कसा, तेही बघू. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्वेला आहे. लंडनचा हीथ्रो ५१.४७ अंश उत्तर, ०.४६ अंश पश्चिमेला. पृथ्वीच्या केंद्रापासून या दोन जागांपर्यंत दोन रेषा काढल्या, तर त्यांच्यामधला कोन भरतो ६४.९ अंश. पृथ्वीचा पूर्ण घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका अंशाला १११ किलोमीटर. ६४.९ गुणिले १११, झाले ७,२०४. याच अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. जहाजांचं हे माप विमानांनीही उचललं आणि पायलट आजही त्यातच बोलतात.

वेगवेगळ्या ठिकाणी हा आकडा पाच-दहा किलोमीटरने वेगळा दिसला तर गोंधळून जायचं कारण नाही. कुणी विमानतळापासून मोजतं, कुणी शहराच्या मध्यापासून. कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कुणी ध्रुवांकडे किंचित चपटी. विमान ११ किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून अंतर किती वाढत असेल, अशीही शंका काहींना येते. ते या सगळ्या प्रवासात मिळून जेमतेम १२ किलोमीटर वाढतं. सोडून द्यावं इतकं.

हवेतलं अंतर

खरी गंमत इथून पुढे आहे.

नदीत होडी वल्हवणाऱ्याचा जोर दोन्ही वेळेला सारखाच असतो, पण प्रवाहाबरोबर जाताना काठ भराभर मागे पडतो आणि प्रवाहाविरुद्ध तोच काठ हलता हलत नाही. विमानाचंही तसंच आहे. त्याचा ताशी ९०० चा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. जमिनीच्या तुलनेत तो किती भरेल, हे वारा ठरवतो.

आणि त्या उंचीवर वारा साधासुधा नसतो. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते सगळ्यात जोरात असतात. ताशी १५०-२०० किलोमीटरचा वारा तिथे नवलाचा नाही. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओईशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण त्यांनी अहवाल लिहिला एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत. जगभरच्या लोकांना वाचता यावा हा हेतू होता, आणि झालं उलटंच. जपानबाहेर फारसं कुणी तो वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जाणारी बॉम्बफेकी विमानं या वाऱ्यात सापडली, तेव्हा इतरांना त्याचा अंदाज आला.

आता आपलं गणित पुन्हा मांडू. मुंबईहून लंडनला जाताना आपण पश्चिमेकडे जातो, म्हणजे वारा समोरून. सबंध वाटेवर तो सरासरी ताशी १०० किलोमीटर आहे असं धरा. जमिनीवरचा वेग उरला ८००. ७,२०० किलोमीटरना लागले ९ तास. येताना तोच वारा पाठीशी. वेग झाला १,०००, वेळ ७ तास १२ मिनिटं. एकाच वाटेवर पावणेदोन तासांहून जास्त फरक!

आणखी एका नजरेने हेच बघा. जाताना विमान ९ तास ताशी ९०० ने हवा कापत होतं, म्हणजे त्याने ८,१०० किलोमीटर हवा कापली. येताना फक्त ६,४८०. जमिनीवर दोन्ही वेळा ७,२००. इंजिन चालतं, इंधन जळतं ते हवेतल्या अंतरापायी, जमिनीवरच्या नाही. विमान कंपन्यांचा हिशेबही हवेतल्या अंतराचा असतो.

जाताना गमावलेलं येताना भरून निघतं, असं वाटू शकतं. तसं होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन १६ तास लागले असते. वाऱ्यासकट १६ तास १२ मिनिटं लागले. समोरचा वारा आपल्याला जास्त वेळ सोसावा लागतो आणि पाठचा वारा कमी वेळ मिळतो, म्हणून हा तोटा.

पाठचा वारा काय करू शकतो याचं गाजलेलं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. सियारा नावाचं वादळ अटलांटिकवरून युरोपकडे येत होतं. त्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. पण त्याने आवाजाचा वेग ओलांडला नव्हता, कारण हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने जात होतं.

मला स्वतःला त्याहून आवडतं ते एअर इंडियाचं २०१६ चं उदाहरण. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर, वेळ सोळा तासांच्या वर. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी वाट बदलली आणि पूर्वेकडून, पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, आणि वेळ साडेचौदा तासांच्या आसपास. वाट १,४०० किलोमीटरने वाढली आणि प्रवास दीड-दोन तासांनी कमी झाला. लांबची वाट जवळची ठरली, कारण वारा पाठीशी होता.

इथे एक नेहमीची शंका येते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे लंडन आपणहून सरकत यायला नको का? मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास १,५८० किलोमीटरने फिरते आहे. पण हवाही जमिनीसोबत फिरते, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. तसं नसतं तर जुहूहून हेलिकॉप्टर सरळ वर न्यायचं, तासभर तिथेच थांबवायचं आणि खाली उतरवायचं, एवढ्यावर दीड हजार किलोमीटरचा प्रवास झाला असता. फिरण्याचा थेट फायदा कुणालाच मिळत नाही. आडमार्गाने मात्र पृथ्वीचं फिरणं हिशेबात येतं: विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवांकडे निघते, आणि फिरत्या पृथ्वीमुळे ती पूर्वेकडे वळते. जेट स्ट्रीमची दिशा त्यातूनच ठरते. म्हणजे शंका अगदीच वाया जात नाही. फक्त उत्तर उलटं येतं आणि लंडन गाठायला वेळ जास्तच लागतो.

पावसाळ्यात दक्षिण भारतावर याच्या उलट, पूर्वेकडून येणारा उंचावरचा वेगवान वारा असतो. भारतीय हवामान खात्यातले पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. मुंबई-लंडनच्या वाटेच्या आपल्याकडच्या टोकाला त्याची थोडी झळ लागते. पुढची सगळी वाट पश्चिमी वाऱ्यांची.

कुणाचं आकाश?

पृथ्वीगोलावरचा तो दोरा पुन्हा पाहा. मुंबईहून निघून तो सौराष्ट्राला लागून कराचीच्या आसपास जातो, मग बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, आणि तिथून मध्य युरोपावरून लंडन. गेल्या काही वर्षांतल्या बातम्या आठवल्या तर लक्षात येईल की ही सगळ्यात जवळची वाट ठिकठिकाणी तुटलेली आहे.

१७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि २९८ माणसं गेली. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध पेटल्यापासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलै आपलं आकाश बंद ठेवलं होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून त्यांनी ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केलं आणि त्याची मुदत एकेका महिन्याने वाढवत नेली. त्याच वर्षी जूनमध्ये इराण आणि इराकचं आकाशही काही दिवस बंद झालं.

यातला एक बारकावा फार जणांच्या ध्यानात येत नाही. पाकिस्तानची ती बंदी भारतीय विमानांपुरती होती. त्यामुळे मुंबईहून लंडनला जाणारी दोन विमानं, एक भारतीय कंपनीचं आणि एक ब्रिटिश कंपनीचं, एकाच दिवशी वेगवेगळं अंतर कापू शकत होती. दोन शहरांमधलं अंतर शेपटावरच्या झेंड्याप्रमाणे बदलतं, हे मला तरी खटकतं.

मुंबईला त्याची झळ दिल्लीपेक्षा कमी बसली, कारण आपल्यासमोर अरबी समुद्र मोकळा आहे. समुद्रावरून ओमान किंवा आखाताकडे, मग सौदी अरेबिया किंवा इराक, तुर्कस्तान आणि युरोप, अशी वाट काढता येते. दिल्लीच्या विमानांना आधी दक्षिणेकडे गुजरातपर्यंत यावं लागलं. अमेरिकेकडे जाणारी काही विमानं तर इंधन भरायला व्हिएन्नात थांबली. वळसा म्हणजे जास्त इंधन, आणि ते जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधनच लागतं, म्हणून सामान किंवा प्रवासी कमी घ्यावे लागतात.

थांबे घेत जाणं तसं या वाटेला नवं नाही. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनलाच निघालं होतं. ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान, कैरो आणि जिनिव्हाला थांबत, १० जूनला पोचलं. जे. आर. डी. टाटा स्वतः त्या विमानात होते.

जमिनीवर जाणारी मिनिटं

तिकिटावरची वेळ उड्डाणापासून मोजत नाहीत. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तेव्हा घड्याळ सुरू होतं, आणि पोचल्यावर चाकांना पाचर लावली की थांबतं. मधल्या काळात धावपट्टीपर्यंतची चाल, रांग, वर चढणं, खाली उतरणं, जागा मिळेपर्यंत आकाशात घिरट्या, सगळं येतं.

छोट्या प्रवासात हे फार ठळक दिसतं. मुंबई ते गोवा (दाबोळी) हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर. ताशी ८०० ने अर्ध्या तासाचं काम, पण तिकिटावर सव्वा तास. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर (राजधानीच्या रुळांवरून तेच १,३८४ भरतं), आणि वेळ सव्वादोन तासांच्या जवळपास. अंतर अडीच पटीहून जास्त वाढलं, वेळ दुप्पटही झाली नाही. म्हणजे दोन्हींमध्ये एक ठरावीक तुकडा आहे जो अंतराशी बांधलेला नाही. तो साधारण ४० मिनिटांचा निघतो. म्हणून घरच्या घरी अंदाज बांधायचा तर अंतराला ८०० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा. गोव्याला १ तास १२ मिनिटं येतात, दिल्लीला २ तास ५ मिनिटं, लंडनला ९ तास ४० मिनिटं. पूर्वेकडे लांब जाणार असाल तर आठशेऐवजी नऊशेने भागा.

मुंबईत ही ४० मिनिटं ताणली जातात याचं एक कारण जमिनीतच आहे. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी एकच वापरता येते. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या सगळ्या विमानांची रांग त्या एकीवर. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ वाहतुकीला खुला झाला. तिथून लंडनचं अंतर मोजलं तर फरक नाममात्र आहे. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आतबाहेर आहेत. फरक पडेल तो रांगेत.

कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागाही ठेवतात. विमान ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असेल तर आपल्याकडच्या हिशेबात ते वेळेवर मानलं जातं, आणि वक्तशीरपणाची टक्केवारी दर महिन्याला जाहीर होते. त्यामुळे विमान वीस मिनिटं आधी पोचलं याचा अर्थ पायलटने जोरात हाकलं असा नसतो. बहुतेक वेळा रांग लागली नाही किंवा वारा बरा मिळाला, इतकंच.

तिकिटावरची घड्याळं

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. दुपारी १ वाजता मुंबईहून निघालात आणि दहा तास लागले, तर हिवाळ्यात लंडनला तुम्ही संध्याकाळी साडेपाचला उतरता. तिकीट वाचणाऱ्याला साडेचार तासांचा प्रवास वाटतो. परतीला रात्री साडेनऊला निघून नऊ तासांनी मुंबईत उतरता, तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा वाजलेले असतात. आता तोच प्रवास साडेचौदा तासांचा वाटतो. आणायला जाणाऱ्यांनी म्हणून तारीख दोनदा वाचावी. रात्री लंडनहून निघालेलं माणूस दुसऱ्या दिवशी पोचतं, आणि ही चूक पुष्कळ घरांत होते.

हा साडेपाच तासांचा फरक रेखांशातून येतो. एका अंशाला चार मिनिटं. मुंबईचे ७२.८ अंश गुणिले चार केले तर ४ तास ५१ मिनिटं होतात. मुंबईची स्वतःची वेळ खरोखर तेवढीच होती. १९०६ मध्ये सगळ्या देशाला साडेब्याऐंशी अंशाची एक वेळ लागू झाली, तरी मुंबईत जुनी वेळ ३९ मिनिटं मागे राहून कितीतरी वर्षं चालू राहिली.

आपलं घड्याळ आता वर्षभर हलत नाही, लंडनचं हलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतं. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा राहतो. त्या दोन रविवारांच्या आगेमागे तिकीट काढलं असेल तर जातानाचा आणि येतानाचा फरक वेगवेगळा धरावा लागतो, आणि घरी रोज ठरल्या वेळी फोन येत असेल तर तोही त्या रविवारपासूनच आपल्याकडे एका तासाने सरकतो.